म्हशीच्या शुक्राणूंवर इझुमोची अँटीबॉडी लागेना. दोष फ्रीझरचा की माझा?

कडकभाकरी | १४ एप्रिल, रात्री १०:४०

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे लिहितेय. सोलापुरात पीएच.डी. चालू आहे. काम पंढरपुरी रेड्याच्या गोठवलेल्या शुक्राणूंवर. इझुमो-१ हे प्रथिन शुक्राणूच्या डोक्यावर नेमकं कुठे दिसतं आणि गोठवून वितळवल्यावर त्याची जागा बदलते का, एवढंच बघायचंय. अँटीबॉडी (ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटणारं प्रथिन) सशाची, पॉलिक्लोनल (मिश्र), इझुमोच्या एका छोट्या तुकड्यावर म्हणजे पेप्टाइडवर बनवलेली. १०० मायक्रोग्रॅमची कोरडी व्हायल. मॅडमनी एकच घेऊन दिली आणि दुसरी मिळणार नाही हेही त्याच दिवशी सांगून टाकलं.

डिसेंबरात २०० मायक्रोलिटर पाण्यात विरघळवली. म्हणजे मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅम. जानेवारीत १:२०० पातळ करून स्लाइड केल्या, डोक्याच्या टोकावर सुरेख हिरवी टोपी दिसली. फोटो काढून घरी आईलासुद्धा दाखवले.

आता दुखणं. मागच्या शनिवारी आमच्याकडचा ट्रान्सफॉर्मर उडाला, लाईट सोमवारी दुपारी आली. बाहेर ४२. फ्रीझर उघडला तर खालच्या कप्प्यात पाणी. त्यानंतरच्या सगळ्या स्लाइड जवळजवळ काळ्या. शंभरातले दहा-पंधरा शुक्राणू चमकतात, बाकीचे मुके. सेकंडरी (पहिलीला चिकटून चमकणारी दुसरी अँटीबॉडी) नवी आहे, मायक्रोस्कोप ठीक आहे. अँटीबॉडी गेली असं धरून रडून घेऊ का?

सातरस्ता | १४ एप्रिल, रात्री १०:५२

ताई, मी कॉमर्सवाला, चुकून आलो या धाग्यात. पण इझुमो म्हणजे काय बे? नाव तर स्कूटरचं वाटायलंय.

अर्धाचहा | १४ एप्रिल, रात्री ११:२०

सातरस्ता, नाव देवळाचं आहे. जपानमधलं इझुमो हे देवस्थान लग्नं जुळवण्यासाठी प्रसिद्ध. २००५ साली ओसाका विद्यापीठातल्या ओकाबे यांच्या गटाला शुक्राणूवरचं हे प्रथिन सापडलं. ज्या नर उंदरांत ते नव्हतं ते धडधाकट होते, पण वांझ. त्यांचे शुक्राणू पोहायचे, बीजांडाचं जाड आवरणही भेदायचे, पण बीजांडाला चिकटून एकजीव होणं काही जमायचं नाही. म्हणून लग्नाच्या देवळाचं नाव दिलं. पुढे २०१४ मध्ये बीजांडावरचा त्याचा जोडीदार सापडला, त्याला रोमन विवाहदेवता जूनोचं नाव मिळालं.

सातरस्ता | १४ एप्रिल, रात्री ११:२६

म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेतल्या लग्नाच्या, सम्मती कट्ट्यावरच्या अक्षता! हा शोध सोलापुरात लागला असता तर प्रथिनाचं नाव नंदीध्वज असतं. असो, मोठ्यांनी बोला, मी ऐकतो.

जुनीपिपेट | १५ एप्रिल, सकाळी ६:१५

कडकभाकरी, रडायचं नंतर बघू. मी ३१ वर्षं लॅब टेक्निशियन होतो, आता निवृत्त आहे, आणि सकाळी लवकर उठतो म्हणून पहिलं उत्तर माझं. आधी हे सांगा:

२०० मायक्रोलिटर एकाच नळीत ठेवलंत की वाटून ठेवलंत? आत्तापर्यंत ती नळी किती वेळा वितळवली? फ्रीझर साधा आहे की आपोआप बर्फ काढणारा? पूड विरघळवण्याआधी व्हायल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली होती का? ग्लिसरॉल घातलं होतं का?

आणि एक आगाऊ सांगतो. दोन दिवस लाईट गेली म्हणून चांगली अँटीबॉडी मरत नसते. सशाचं आयजीजी (अँटीबॉडीचा नेहमीचा प्रकार) चिवट असतं. कुरिअरच्या डब्यात साध्या हवेत दोन-चार दिवस फिरून आलेल्या कितीतरी व्हायली मी कामाला लावल्यात. तिला मारतं ते पुन्हापुन्हा गोठवणं आणि वितळवणं. दरवेळी थोडी प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळे होतात, आणि त्या गोळ्यांना मग काही ओळखता येत नाही.

कडकभाकरी | १५ एप्रिल, सकाळी ९:०५

काका, परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय. एकाच नळीत. वहीत मोजलं, ११ वेळा वितळवली. फ्रीझर म्हणजे विभागातल्या घरगुती दोन दारी फ्रिजचा वरचा कप्पा, आपोआप बर्फ काढणारा. फिरवली नव्हती, झाकण थेट उघडलं. ग्लिसरॉल नाही.

जुनीपिपेट | १५ एप्रिल, सकाळी ९:४०

म्हणजे पाचही चेंडूंवर बाद. अहो, आपोआप बर्फ काढणारा फ्रीझर दिवसातून अनेकदा स्वतःहून गरम होतो, त्याशिवाय बर्फ वितळणार कसा? तुमच्या ११ वेळा वहीत आहेत. त्या यंत्राने किती वेळा वितळवलं त्याची नोंद कुठेच नाही.

पुढच्या व्हायलीला असं करा. पूड डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, झाकणाला आणि काठाला चिकटलेली असते. म्हणून आधी काही सेकंद फिरवून तळाशी आणायची, मग कंपनीने सांगितलेलं पाणी किंवा बफर घालून दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवायची आणि हलक्या हाताने उलटसुलट करायची. व्हॉर्टेक्सवर (जोरात घुसळणाऱ्या यंत्रावर) धरू नका, फेस झाला की प्रथिन बिघडतं. मग लगेच १०-२० मायक्रोलिटरचे भाग करा. १० पेक्षा लहान भाग नको, थोडं नळीच्या भिंतीला चिकटतं, थोडं बाष्प होऊन जातं, हाताशी काय उरणार? एक भाग काढला की तो ४ अंशाला ठेवून संपेपर्यंत वापरायचा, परत गोठवायचा नाही. ४ अंशाला बुरशी लागू नये म्हणून ०.०२ टक्के सोडियम अझाइड लागतं. बहुतेक व्हायलींत ते आधीच असतं, लेबल बघा.

आणि आपोआप बर्फ काढणाऱ्या फ्रीझरशिवाय सोयच नसेल तर अँटीबॉडीइतकंच निर्जंतुक ग्लिसरॉल मिसळा. ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे २० ला द्राव गोठतच नाही, म्हणून वितळण्याचा प्रश्नही येत नाही. फक्त नळीवर लिहून ठेवा. अर्धा मिलिग्रॅमचं पाव मिलिग्रॅम झालेलं असतं, त्यामुळे पूर्वीचं १:२०० आता १:१०० ने घ्यायचं. आमच्याकडे हे न लिहिल्यामुळे दोन विद्यार्थ्यांचं महिनाभर भांडण चाललं होतं.

गोठ्यातला | १५ एप्रिल, दुपारी १:३०

मी मंगळवेढ्याकडचा, म्हशींना कृत्रिम रेतन करतो. तुमच्या अँटीबॉडीतलं मला काही कळत नाही, पण कांड्यांचं, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या बारीक नळ्यांचं, कळतं. ताई, कांडी वितळवता कशी? आमच्यात ३७ अंशाच्या पाण्यात ३० सेकंद, पुसून लगेच वापर. बरेच जण खिशात घालून नाहीतर तळहातावर चोळून वितळवतात, मग रेडा बदनाम होतो. नायट्रोजनच्या टाकीतून वर काढताना कांडी मानेच्या वर जास्त वेळ धरली तरी माल खराब होतो. टाकीत उणे १९६, बाहेर आपल्या सोलापूरचा एप्रिल. आणि त्या कांडीत नुसते शुक्राणू नसतात, अंड्याचा पिवळा बलक आणि ग्लिसरॉल असतं. ते धुता का?

कडकभाकरी | १५ एप्रिल, दुपारी २:१०

दादा, ३७ ला ३० सेकंदच करते. पीबीएसमध्ये (खारट बफरमध्ये) एकदा धुते.

अर्धाचहा | १५ एप्रिल, रात्री ९:१५

एकदा पुरत नाही. बलकाचे कण शुक्राणूला चिकटून राहतात आणि हिरव्या फिल्टरखाली चांदण्यांसारखे दिसतात. दोन-तीनदा धुवा, पण सेंट्रिफ्यूज ३०० ते ५०० जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या पटीतला जोर) पुढे फिरवू नका. जोरात फिरवलं की डोक्यावरची पिशवी, म्हणजे अ‍ॅक्रोसोमच फाटतो, आणि तुम्हाला तर तोच बघायचाय.

पण मुद्दा दुसराच आहे. काकांनी साठवणुकीचं सांगितलं त्यातलं अक्षरन् अक्षर बरोबर. तरी तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या एका वाक्यावर मी अडकलोय. "शंभरातले दहा-पंधरा शुक्राणू चमकतात, बाकीचे मुके."

अँटीबॉडी मेली किंवा अशक्त झाली की सगळेच शुक्राणू सारखे फिके दिसतात. ती निवड करत बसत नाही. दहा-पंधरा लख्ख आणि बाकीचे काळे, याचा अर्थ अँटीबॉडी जिवंत आहे आणि बाकीच्यांपर्यंत तिला पोचता येत नाहीये.

इझुमो-१ बसतं कुठे ते आठवा. शुक्राणूच्या डोक्यावर अ‍ॅक्रोसोम नावाची पिशवी असते. हे प्रथिन त्या पिशवीच्या आतल्या पडद्यावर असतं. पिशवी फुटली, म्हणजे अ‍ॅक्रोसोम रिअ‍ॅक्शन झाली, की ते उघडं पडतं आणि सरकून डोक्याच्या मधल्या पट्ट्याकडे पसरतं. पिशवी शाबूत असताना बाहेरून लावलेल्या अँटीबॉडीला ते दिसणार कसं? घर बंद असताना आत कोण आहे ते रस्त्यावरून कळत नाही. गोठवण्या-वितळवण्यात काही शुक्राणूंचे अ‍ॅक्रोसोम फुटतातच. तुमचे दहा-पंधरा बहुधा तेच.

आता सांगा, जानेवारीत आणि आत्ता स्लाइड करण्याच्या पद्धतीत काही बदललंय का? खरं सांगा. प्रत्येक लॅबमध्ये "काहीच बदललं नाही" असं म्हणतात आणि काहीतरी बदललेलं असतंच.

कडकभाकरी | १५ एप्रिल, रात्री ९:५०

बदललंय. जानेवारीत थंड मेथॅनॉलने फिक्स (शुक्राणू आहेत तसे पक्के) करत होते. त्यात शेपट्या तुटल्यासारख्या दिसतात म्हणून फेब्रुवारीत एका सीनियरच्या सांगण्यावरून ४ टक्के पीएफए (पॅराफॉर्माल्डिहाइड) सुरू केलं. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये इझुमो लावलंच नव्हतं, दुसऱ्या प्रथिनाचं काम चालू होतं, शेपटीतलं. इझुमोवर पीएफए पहिल्यांदा आत्ता, लाईट गेल्यानंतर.

आणि ट्रायटन (पडद्याला भोकं पाडणारं साबणासारखं रसायन) घातलेलं नाही. आता लिहिताना माझ्या लक्षात येतंय.

अर्धाचहा | १५ एप्रिल, रात्री १०:०५

झालं! मेथॅनॉल फिक्स करता करता पडद्यातली चरबी धुऊन नेतं, त्यामुळे दारं आपोआप उघडतात. पीएफए सगळं जागच्या जागी बांधून ठेवतं आणि दारं बरीचशी बंदच राहतात. पीएफएनंतर ०.१ ते ०.५ टक्के ट्रायटन एक्स-१०० दहा मिनिटं, मग ब्लॉकिंग (अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून). तुमची सेकंडरी बकरीची असेल तर बकरीचं सिरम ५-१० टक्के.

दोन गोष्टी एकाच आठवड्यात बदलल्या, एक लक्षात राहिली कारण तिच्यासोबत पाणी सांडलं होतं. दुसरी चुपचाप झाली.

जुनीपिपेट | १६ एप्रिल, सकाळी ६:०५

अर्धाचहांचं पटलं. पण ११ वेळा वितळवलेल्या नळीला मी निर्दोष सोडणार नाही. दोन्ही आरोपी वेगवेगळे तपासा. ट्रायटन घातलं आणि चमकलं म्हणून नळी बरी आहे असं ठरत नाही.

त्यासाठी आख्खा वेस्टर्न (प्रथिनं आकाराने वेगळी करून अँटीबॉडीने ओळखणं) चालवायची गरज नाही. नायट्रोसेल्युलोजच्या पट्टीवर वृषणाच्या अर्काचे एक-एक मायक्रोलिटरचे ठिपके द्या, दाट ते पातळ. एका पट्टीला ही नळी लावा, दुसऱ्या पट्टीला न बिघडलेली तीच अँटीबॉडी. पण न बिघडलेली आणणार कुठून, हा प्रश्न आहे. कुणाला थोडी दिली होती का?

आणि पट्टी एचआरपीवर (सेकंडरीला जोडलेलं, ठिपका दाखवणारं एन्झाइम) करणार असाल तर धुण्याच्या बफरमध्ये अझाइड नको, ते एचआरपीचं काम बंद पाडतं. अँटीबॉडीतलं अझाइड १:१००० मध्ये इतकं पातळ होतं की त्याची काळजी नाही. उरलेला अझाइडचा साठा मात्र बेसिनमध्ये ओतू नका. तांब्या-शिशाच्या नळांत त्याचे स्फोटक क्षार साचतात. आमच्या जुन्या इमारतीत प्लंबर आला की मी त्याला आधी विचारायचो, कोणता पाइप कापतोयस?

कडकभाकरी | १६ एप्रिल, सकाळी १०:३०

काका, दिली होती! जानेवारीत एम.एस्सी.च्या एका मुलीने प्रोजेक्टसाठी २० मायक्रोलिटर नेली होती. तिने ती फ्रिजच्या दारात ४ अंशाला ठेवली आणि विसरली. लेबलवर ०.०२ टक्के अझाइड आहे. लाईट गेली तेव्हा तीही कोमट झाली असणारच, पण गोठलेली कधीच नाही.

सातरस्ता | १६ एप्रिल, सकाळी १०:४४

एम.एस्सी.च्या पोरीचा आळस कामाला आला बघा. मी हेच आईला सांगत असतो.

पाणीपुरवठा_नाही | १६ एप्रिल, संध्याकाळी ७:००

लाईटच्या प्रश्नावर माझेही दोन पैसे. आमच्याकडे औषधांचं दुकान आहे. फ्रीझरमध्ये एका वाटीत पाणी गोठवा आणि बर्फावर एक रुपया ठेवा. सुट्टीवरून आल्यावर रुपया वरच असेल तर ठीक. तळाशी गेला असेल तर मधे सगळं वितळून परत गोठलं, तुम्हाला बाहेरून काही कळणार नाही. आणि रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरून ठेवा, लाईट गेल्यावर थंडी टिकते. साध्या पाण्यापेक्षा मिठाचं पाणी बरं, ते शून्याच्या खाली वितळतं, म्हणजे आतलं सामान शून्यावर यायच्या आधीच ते थंडावा देऊ लागतं. पण मीठ बेताने. अगदी खारट केलं तर ते उणे २० ला पूर्ण गोठणारच नाही.

अर्धाचहा | १६ एप्रिल, रात्री ११:१०

रुपयाची युक्ती आजच लावतो. हैदराबादलाही लाईट जाते, फक्त आम्ही मान्य करत नाही.

कडकभाकरी, अजून एक इशारा, तुमच्या नाही पण तुमच्यानंतर येणाऱ्यांच्या कामाचा. मी गाईच्या वळूवर काम करताना एका प्रथिनासाठी बकरीत बनवलेली प्रायमरी (पहिली अँटीबॉडी) घेतली, स्वस्त होती. त्यावर बकरीविरोधी सेकंडरी. सगळा शुक्राणू नखशिखांत चमकला. आनंदाने तीन महिने फोटो काढले. मग प्रायमरी न लावता नुसती सेकंडरी लावून पाहिली, तीही तशीच चमकली. गाय, म्हैस, बकरी यांच्या अँटीबॉडी एकमेकींच्या इतक्या जवळच्या की बकरीविरोधी सेकंडरी वीर्यात आणि ब्लॉकिंगच्या बीएसएत (गाईच्या रक्तातलं प्रथिन) असलेल्या गाईच्या आयजीजीलाही धरते. तुमची प्रायमरी सशाची आहे, तुम्ही सुटलात. तरी प्रायमरीशिवायची एक स्लाइड प्रत्येक वेळी ठेवाच. वाया गेल्यासारखी वाटते, पण मला ती पहिल्याच दिवशी केली असती तर तीन महिने मिळाले असते.

दुसरं. कॅटलॉगमध्ये माणूस आणि उंदीर लिहिलंय, म्हैस लिहिलेली नाही, बरोबर? पेप्टाइडचा क्रम कंपनीकडे मागा. काही देतात, काही देत नाहीत. मिळाला तर म्हशीच्या इझुमोशी जुळवून बघा, म्हशीचा जीनोम डेटाबेसमध्ये आहे. आणि वेस्टर्न कराल तेव्हा उंदराच्या पेपरमधला आकडा म्हशीला लावू नका. उंदराचं इझुमो सुमारे ५६ किलोडाल्टनला (प्रथिनाच्या वजनाचं माप) येतं, माणसाचं सुमारे ३७ ला. नाव एकच, पण लांबी आणि साखरेचा मुलामा वेगळा.

कडकभाकरी | २१ एप्रिल, रात्री ८:२०

निकाल घेऊन आलेय.

ठिपक्यांची पट्टी: एम.एस्सी.च्या नळीने पाचवा, सगळ्यात पातळ ठिपकासुद्धा दाखवला. माझ्या नळीने तिसऱ्यापर्यंतच, तेही फिके. माझी नळी काकांच्या सांगण्याशिवायच १०,००० जीवर दहा मिनिटं फिरवली (एका जुन्या धाग्यात वाचलं होतं), तळाशी खरंच पांढुरका ठिपका बसला. वरचा द्राव वापरला तर पार्श्वभूमी स्वच्छ झाली, ठिपके मात्र तेवढेच फिके. म्हणजे काका बरोबर.

स्लाइड: पीएफए, ०.२ टक्के ट्रायटन, बकरीचं सिरम. माझ्याच नळीने १:१०० ला शंभरातल्या ऐंशीच्या पुढे शुक्राणूंना टोपी! ट्रायटनशिवायच्या जोडीच्या स्लाइडवर तेच दहा-पंधरा. त्या दहा-पंधरांत हिरवं टोकावर नव्हतं, डोक्याच्या मधल्या पट्ट्यावर होतं. म्हणजे अर्धाचहाही बरोबर. शेंगदाण्याचं लेक्टिन (शाबूत टोपीला चिकटणारं प्रथिन) लाल रंगात सोबत लावलं होतं, ट्रायटनच्या स्लाइडवर ज्यांचं हिरवं मधल्या पट्ट्यावर होतं त्यांच्यावर ते जवळपास नाहीच, बाकीच्यांवर भरपूर. अ‍ॅक्रोसोम खरंच गेलेला आहे.

प्रामाणिकपणे, ट्रायटनशिवायची स्लाइड आता मला चूक वाटत नाही. मला मोजायचं तेच तर आहे, गोठवल्यावर किती जणांचं इझुमो उघडं पडलं. दोन्ही स्लाइड जोडीने ठेवायच्या असं मॅडमशी बोलून ठरवलंय.

एकच खुपतंय. मानेखालच्या जाड भागातही फिकट हिरवं दिसतं, आणि ते प्रायमरीशिवायच्या स्लाइडवरही तसंच आहे.

अर्धाचहा | २१ एप्रिल, रात्री ८:४५

मग ते इझुमो नाही. तो मायटोकॉन्ड्रियाचा भाग, तिथे स्वतःचीच थोडी चमक असते आणि सेकंडरीही थोडी चिकटते. फोटोत लपवू नका, प्रायमरीशिवायचा फोटो शेजारी छापा.

गोठ्यातला | २१ एप्रिल, रात्री ९:३०

ताई, समजलं तेवढं सांगतो. वितळवल्यावर शंभरातल्या दहा-पंधरांची टोपी आधीच उडालेली असते, बरोबर? माझ्या हातची कांडी आणि खिशात वितळवलेली कांडी, दोन्ही तुमच्या त्या दिव्याखाली बघता येतील का? गावात एकाशी माझी पैज लागली आहे.

कडकभाकरी | २१ एप्रिल, रात्री ९:४१

दादा, हा तर आख्खा प्रयोग झाला. एकाच रेड्याच्या, एकाच दिवशी भरलेल्या कांड्या असतील तर आणा. थर्मासमध्ये नको, टाकीतच. फोन करून या. पुढे कधी जिवंत शुक्राणूंवर अँटीबॉडी सोडून ते बीजांडाला चिकटतात का बघायचं मनात आहे, पण तेव्हा अझाइड नसलेली घ्यावी लागेल ना?

जुनीपिपेट | २२ एप्रिल, सकाळी ६:००

हो. अझाइड मायटोकॉन्ड्रियातलं श्वसन थांबवतं. शुक्राणू पोहायचे थांबतील आणि तुम्हाला वाटेल अँटीबॉडीने अडवलं. एकतर अझाइडविना मागवा नाहीतर डायलिसिस करून काढा.

पण आधी हातातलं. १:१०० ला चांगली दिसली म्हणून तिथेच थांबू नका. नळी अशक्त झालीय, तिचं नवं प्रमाण नव्याने शोधायला हवं. १:५०, १:१००, १:२००, १:४००, चार स्लाइड, एकाच दिवशी, एकाच कांडीतून. आणि ती नळी अजून एकाच तुकड्यात नाही ना?

कडकभाकरी | २२ एप्रिल, सकाळी ८:१५

नाही काका. उरलेली सारख्याच ग्लिसरॉलमध्ये मिसळून सहा भाग केले. प्रत्येकावर तारीख आणि "पाव मिलिग्रॅम, दुप्पट घ्या" असं लिहिलंय. वाटीतल्या बर्फावर रुपया पण ठेवलाय, तो तिसऱ्या दिवशी कुणीतरी चहासाठी नेला, आता पाच रुपये ठेवलेत.

चार स्लाइड आज दुपारी लावते. लाईट असली तर.